हेलिपॅड ड्युटी लागली की आधी पाण्याचा टँकर पाहा

पुतणीचा रात्री साडेनऊला फोन आला. पोलिसात लागून तिला जेमतेम ८ महिने झालेत. "काका, उद्या सकाळी हेलिपॅडचा बंदोबस्त लागला. साहेब म्हणाले, चुन्याची फक्की मारून तयार ठेव. किती पोती लागते फक्की?"

"फक्कीचं मग पाहू," मी म्हटलं. "गावात पाण्याचा टँकर कोणाकडे आहे, ते आधी सांग."

त्या फोनवर पाऊण तास बोललो. नंतर झोप लागेना. काय काय सांगायचं राहिलं तेच आठवत बसलो. म्हणून आता सगळं नीट लिहून काढतो, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी.

मी नागपूरचा, झिंगाबाई टाकळीत राहतो. पोलिसांच्या बिनतारी विभागात ३२ वर्षं काढली आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली शेवटची बरीच वर्षं हेलिपॅडवर वायरलेस सेट घेऊन उभा राहण्यात गेली. नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय नागपुरात आहे. तिकडे गडचिरोलीच्या जंगलात सी-६० चा, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी कमांडो पथकाचा, जवान जखमी झाला की मोठ्या उपचाराला तो बहुतेक वेळा इथेच येतो. भामरागड ते नागपूर हवेतून साधारण २५० किलोमीटर. एच-१४५ हेलिकॉप्टरला हा तासाभराचा पल्ला. रस्त्याने अख्खा दिवस धरा, आणि पावसाळ्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं तर दिवसांचा हिशेबच नको. जवानाला आणणारं मशीन त्याच आठवड्यात एखाद्या अडलेल्या बाळंतिणीला आणतं, निवडणुकीत मतदान पथकं नेतं. आधी पवन हंसची भाड्याची मशीन असायची, पुढे राज्य सरकारने गडचिरोली पोलिसांसाठी एअरबसचं एच-१४५ घेतलं. वर बसलेली माणसं फार तयारीची असतात. ती उतरणार असतात मात्र आपण तयार केलेल्या जमिनीवर. टँकरचा ड्रायव्हर, कोतवाल, नर्सताई आणि कालच भरती झालेला शिपाई एवढेच तिथे असतात. त्या जमिनीचं मी सांगतो.

कोणतं मशीन येतंय ते विचारा

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. एच-१४५ चा पंखा सुमारे ११ मीटरचा, वजन पावणेचार टनांच्या आसपास. ध्रुवचा पंखा १३ मीटरच्या वर, वजन साडेपाच टनांपर्यंत. वायुसेनेचं किंवा बीएसएफचं एमआय-१७ आलं तर पंखा २१ मीटरच्या वर आणि भरलेलं वजन १३ टन. पावणेचार टनांना पुरलेलं मैदान १३ टनांखाली धुळीचं वादळ होतं. आमच्या पथकाचा हिशेब असा होता: लहान मशीनला बसायची जागा ३० बाय ३० मीटर सपाट आणि भोवती तेवढंच मोकळं. एमआय-१७ असेल तर दुप्पट.

झेडपी शाळेचं मैदान सगळ्यांना पहिल्यांदा आठवतं. मैदान चांगलंच असतं, पण शाळेचं छप्पर पत्र्याचं असेल तर पत्रे धरणारे जे-हूक हाताने हलवून पाहा. सैल पत्रा दिसला की जागा बदला, नाहीतर वर वाळूची पोती टाका.

मग जागा चालून पाहा. १० माणसं एका ओळीत, हाताच्या अंतराने, नजर खाली. नुसत्या डोळ्यांनी दुरून पाहिलेली जागा पाहिल्यात जमा नाही. आपल्याकडच्या वावरात पऱ्हाटी काढली तरी धसकटं राहतात, तुराट्यांचे खुंट राहतात, आणि वीतभर खुंट मशीनच्या पोटाला लागतो. पॉलिथिनची एक पिशवी, खताचं एक रिकामं पोतं उडून पंख्यात किंवा इंजिनात जाऊ शकतं. भंडारा-गोंदियाकडे धानाची बांधी कापणीनंतर वरून टणक दिसते, आत मऊ असते. तिथे आम्ही भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर फिरवायचो. चाक रुतलं की जागा बाद. उतार गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजा. १० मीटरला ८५ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालणार नाही, त्याच्या निम्मा असला तर उत्तम.

मे महिन्यात एक गोष्ट विसरू नका. गावातल्या सपाट, मोकळ्या, उन्हाच्या जागेवर तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घातलेले असतात. ती त्या घरांची वर्षाची रोकड आहे. पंख्याच्या वाऱ्याने ती अर्ध्या मिनिटात जंगलभर होईल. आधी गावकऱ्यांना सांगा, पुडे उचलायला शिपाई द्या, आणि उचललेले पुडे परत मांडायलाही माणसं द्या. ज्या गावात आम्ही हे केलं, तिथे पुढच्या खेपेला निरोप देण्याआधीच मैदान झाडून ठेवलेलं मिळालं.

तारांचं वेगळं सांगतो. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून तुम्ही खांब मोजा. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चाला, मग ती महावितरणची ११ केव्हीची असो, नाहीतर कोणी मोटारपंपाला ओढलेली आकडा टाकलेली असो. प्रत्येक तार कोणत्या दिशेला, किती मीटरवर, किती उंच हे कागदावर लिहा आणि पायलटपर्यंत पोचवा. "साहेब, लाइन बंद करून घेतली" असं उत्तर मी फार वेळा ऐकलंय. शॉक लागायची भीती गेली हे खरं, तार मात्र तिथेच राहिली.

पाणी

पंखा हवा खाली ढकलतो. ती हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते, कडेला वर उसळते आणि पुन्हा वरून पंख्यात येते. सोबत धूळही तशीच गोल फिरते. शेवटच्या तीन-चार मीटरला, म्हणजे पायलटला जमीन सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच, त्याच्यासमोर तांबडी भिंत उभी राहते. मशीन आडवं सरकतंय की स्थिर आहे हे त्याला डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पाणी.

पहिलं पाणी आदल्या रात्री, भरपूर, जमीन पिईल तेवढं. दुसरं पहाटे. तिसरं हलकं, यायच्या वेळेच्या २० मिनिटं आधी. एवढ्यात काम झालं असं समजू नका. आपल्या मे महिन्यात अर्ध्या तासात वरचा थर पुन्हा पांढरा पडतो. मशीनला उशीर झाला तर चौथ्यांदा मारावं लागतं, त्यामुळे टँकर भरलेला आणि ड्रायव्हर जागेवर हवा. फक्त मधल्या चौकोनावर पाणी मारणं ही नेहमीची चूक. धूळ कडेहून उठते. ज्या बाजूने मशीन येणार त्या बाजूला आणखी २०-२५ मीटर ओलं करा.

किती ओलं? मूठभर माती उचला, दाबा. गोळा झाला पाहिजे आणि हात उघडल्यावर तळव्याला माती चिकटता कामा नये. चिकटली तर चिखल झाला. चिखलात मशीनची घसरपट्टी रुतते, स्ट्रेचर उचलणारा पाय घसरतो. एकदा अहेरीकडच्या एका गावात टँकर येऊच शकला नाही, नाल्यावरचा रपटा वाहून गेला होता. गावातल्या बायांनी विहिरीवरून घागरींनी पाणी आणून सगळं मैदान भिजवलं. अंगणात सडा टाकताना हात जसा फिरतो तसाच फिरवला. सगळीकडे सारखं, कुठे डबकं नाही, कुठे कोरडा पट्टा नाही. त्या दिवशी मशीन उतरलं तेव्हा पाचोळ्याखेरीज काही उडालं नाही. मी एवढ्या हेलिपॅडांवर उभा राहिलो, इतकं चांगलं भिजवलेलं मैदान दुसरं पाहिलं नाही. त्यानंतर मी जिथे गेलो तिथे पाण्याचं काम बायांच्या हातात द्यायला सांगितलं.

आता फक्की. कोरडी फक्की मारायची नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. कबड्डीच्या मैदानाला ती ठीक. इथे पंख्याचा वारा लागला की सगळी वर येते. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलं आहे. हौसेने मोठा एच काढला होता, भोवती दोन वर्तुळं. मशीन १० मीटरवर आलं आणि मैदान पांढरं झालं. पायलटने मशीन वर उचललं, फेरी मारली, पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो शेजारच्या पडीक वावरात उतरला. आत छातीत गोळी लागलेला मुलगा घ्यायचा होता. स्ट्रेचर घेऊन धुऱ्यांवरून पळताना गेलेली ती ११ मिनिटं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. चुना पाण्यात दाट कालवा आणि कुंच्याने मारा. एच ३ मीटर उंच, १.८० मीटर रुंद, पट्टी ४० सेंटीमीटरची. अक्षर वाऱ्याच्या दिशेने सरळ असलं की पायलटला अजून एक खूण मिळते. पांढरी चादर अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवणं हा प्रकार कधीही करू नका.

वारा

मशीन वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, वाऱ्याला तोंड देऊनच उठतं. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, नसेल तर लांब बांबूला कापडाची पट्टी बांधा, पण ती कडेला, येण्या-जाण्याच्या वाटेत नाही. धुराची कांडी असेल तर घमेल्यात ठेवून पेटवा. वाळलेल्या गवतात टाकली तर हेलिपॅडऐवजी वणवा विझवत बसाल.

खुणा करणारा माणूस एकच. त्याने वाऱ्याकडे पाठ करून, पायलटला दिसेल असं कडेला उभं राहायचं. खुणा शिकलेल्या नसतील तर करू नका. एकच खूण सगळ्यांना यायला हवी: दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांना छेद देत जोरात हलवणं, म्हणजे थांबा, उतरू नका. कोणी पोर धावत सुटलं, जनावर शिरलं, ताडपत्री सुटली, तर ही खूण करायला साहेबांची परवानगी लागत नाही.

जागेचा आकडा

सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात आणि त्या कागदावर होतात, म्हणून कोणाला दिसत नाहीत. अक्षांश-रेखांश लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकात अंशाचे दशांश असतात, दुसऱ्यात अंश आणि मिनिटं. मोबाइल बहुधा दशांश दाखवतो, आणि पायलटला अंश-मिनिटं हवी असतात.

आपल्याच झिरो माईलचं उदाहरण घ्या. मोबाइल सांगतो २१.१५ उत्तर, ७९.०८ पूर्व. फोनवर कोणी घाईत म्हणालं, "एकवीस पंधरा, एकोणऐंशी आठ." ऐकणाऱ्याने लिहिलं २१ अंश १५ मिनिटं, ७९ अंश ८ मिनिटं. आता १५ मिनिटं म्हणजे पाव अंश, म्हणजे २१.२५. मशीन ११ किलोमीटर उत्तरेला आणि साडेपाच किलोमीटर पूर्वेला गेलं, म्हणजे सीताबर्डीऐवजी कोराडीच्या पूर्वेच्या शेतांवर. नागपुरात निदान खाली पाहून चूक कळेल. जंगलात खाली सगळं सारखंच हिरवं.

म्हणून आकडा सांगताना "दशांश" हा शब्द उच्चारा, किंवा "अंश... मिनिटं" असं पूर्ण म्हणा. समोरच्याकडून परत वाचून घ्या. आणि सोबत दिसणारी खूण द्या: "नदीच्या वळणाच्या उत्तरेला, पांढरी टाकी, टाकीपासून पूर्वेला मैदान." हे सगळं मी शिकलो ते एका कार्यालयातून आलेल्या चुकीच्या आकड्यामुळे. त्या दिवशी मशीन पलीकडच्या डोंगरावर घिरट्या घालत होतं. त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, दिसत नव्हतं. इंधन खर्ची पडत होतं.

सेटचंही तसंच. पोलिसांचा हातातला सेट आणि पायलटचा विमानाचा रेडिओ एकमेकांना ऐकू शकत नाहीत. विमानाचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा आणि एएमवर, आपला एफएमवर. नव्या पोरांना वाटतं चॅनल फिरवला की पायलट सापडेल. सापडत नाही. मशीनमध्ये आपला सेट घेऊन कोण बसणार, चॅनल कोणता, संपर्क झाला नाही तर काय, हे निघण्याआधी नियंत्रण कक्षाकडून ठरवून घ्या. आणि बोलायची वेळ आली की "ऑल ओके सर" म्हणू नका, त्यातून पायलटला काही कळत नाही. असं सांगा: वारा पश्चिमेकडून, मध्यम. जमीन ओली. तार दक्षिणेला ८० मीटरवर, ताडाएवढी. गर्दी उत्तरेला, दोरीच्या मागे. एवढंच. मग गप्प बसा. उतरताना पायलटच्या कानात बडबड नको.

माणसं

हिवाळी अधिवेशनात नागपुरातले बहुतेक शिपाई हेलिपॅड पहिल्यांदा पाहतात. मोठ्या लोकांचं येणं-जाणं असतं. लाल गालिचा, मांडव, रांगोळी, हारतुरे. तेच चित्र डोक्यात बसतं आणि जंगलातल्या किंवा पुरातल्या कामाला नेमकं तेच घातक ठरतं. मांडवाचं कापड, खुर्च्या, फुलांच्या पाकळ्या यांतलं काहीही १०० मीटरच्या आत नको. कोणी आग्रह धरला तर पायलटचं नाव सांगून नकार द्या. पायलट तुमची बाजू घेईल.

उन्हाळ्यात आपण सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतो. हेलिपॅडवर तो काढून शर्टात खोचायचा. टोपी काढायची. जॅकेटची चेन वरपर्यंत. कानात कापूस, डोळ्यांना चष्मा. गर्दीला दोरी बांधा, पण दोरीवर भरवसा ठेवू नका. लहान पोरांना मागे ठेवायचं काम गावातल्या एखाद्या आजीला द्या. माझ्या अनुभवात चार शिपायांपेक्षा ती भारी पडते. मी हात जोडून म्हणायचो, "आजी, पोट्टे सांभाळा, बाकी आम्ही पाहतो." एकही पोर पुढे यायचं नाही.

मशीन बसलं तरी कोणी हलायचं नाही. आतला माणूस अंगठा दाखवेपर्यंत वाट. जायचं ते समोरून, पायलटला दिसत असताना, कंबरेत वाकून. उतार असेल तर खालच्या अंगाने, कारण वरच्या अंगाला पातं जमिनीच्या जास्त जवळ असतं. पंखा थांबत असतो तेव्हा तो जास्त फसवतो. वेग उतरला की पाती खाली लोंबतात आणि वाऱ्याच्या झोताने आणखी खाली येतात. शेपटीकडे जायचं नाही, कधीच नाही. फिरणारा शेपटीचा पंखा डोळ्यांना दिसत नाही. एच-१४५ मध्ये तो गोल कड्यात बंद असतो आणि स्ट्रेचर मागच्या दोन दारांतून आत जातं, ध्रुवचंही मागे दार आहे. तिथे मागून जावं लागतं, पण फक्त मशीनच्या माणसाने बाही धरून नेल्यावर.

रुग्ण चढवताना

इथे माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, घाई करू नका. स्ट्रेचरला ४ माणसं, पाचवा सलाईनला. मशीन यायच्या आधी रिकाम्या स्ट्रेचरवर एकदा तालीम करा. तालमीत एक शिपाई झोपवा. कोण कोणत्या हाताने धरतो, आवाज ऐकू येत नसताना 'उचला' कोण सांगतो, हे तिथे ठरतं. आम्ही खांद्यावर थाप मारायचो. एक थाप उचला, दोन थापा थांबा.

नातेवाईक सलाईनची बाटली हात उंच करून धरतो. दवाखान्यात तेच शिकवलेलं असतं. फिरत्या पंख्याखाली हात डोक्याच्या वर जाता कामा नये. बाटली रुग्णाच्या छातीवर ठेवा, किंवा डॉक्टरांना विचारून तेवढा वेळ नळी बंद करा. चादर असेल तर पट्ट्याखाली घट्ट दाबा, नाहीतर ती उडते. रुग्णाच्या कानातही कापूस घाला आणि त्याला आधी सांगा: आवाज येईल, वारा येईल, मी सोबत आहे. बेशुद्ध दिसत असला तरी सांगा.

भामरागड भागातली एक आई मला आठवते. मुलाला साप चावला होता, ८-९ वर्षांचा. ती माडियात काहीतरी सारखं बोलत होती, मला कळत नव्हतं. आमच्यातल्या एका जवानाने सांगितलं, ती विचारून राहिली, परत कसं येईन? नागपूर तिने पाहिलंच नव्हतं. आम्ही तिच्या पदराच्या टोकाला कागद बांधला. त्यावर मुलाचं नाव, गाव, आमच्या नियंत्रण कक्षाचा नंबर. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाच्या हातात असा कागद द्यायचो. चिठ्ठीत अजून तीन गोष्टी असाव्यात: काय झालं, किती वाजता झालं, कोणतं औषध किती वाजता दिलं. सोनेगावला विमानतळावर उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच हवं असतं.

ऊन आणि वजन

गरम हवा पातळ असते आणि पंख्याला तिच्यात धरायला कमी मिळतं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की नागपूरची हवा पंख्याला १,४०० ते १,५०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे सकाळी नागपुरात असलेलं मशीन दुपारी महाबळेश्वरच्याही वर गेल्यासारखं. सकाळी ६ वाजता जे वजन सहज उचललं गेलं, ते दुपारी २ ला उचललं जाईलच असं नाही.

म्हणून पायलट विचारेल, किती वजन? खरं सांगा. काट्यावर मोजून सांगा. गावात रेशन दुकानात, धान खरेदी केंद्रावर काटा असतो. शस्त्र, दारूगोळा, पाठीवरची पिठ्ठू यांच्यासकट जवान मोजा. एकदा एका अधिकाऱ्याने "आठच किलो" म्हणून दोन पेट्या आत सरकवल्या. पायलटने मशीन हातभर उचललं, काही सेकंद तसंच धरून मीटर पाहिले आणि परत खाली बसवलं. पेट्या उतरवल्या, मोजल्या, ४३ किलो भरल्या. कोणी कोणाला रागावलं नाही, वेळच नव्हता. पण पुढे झाडं होती, आणि मशीन न तपासता सरळ उठलं असतं तर काय झालं असतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. जमत असेल तर उन्हाळ्यातलं काम सकाळी १० च्या आत उरका.

बाकीचं थोडक्यात

इंधनाचे बॅरल तुमच्या ताब्यात असतील तर आडवे ठेवा, तोंडं दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचं पाणी साचून आत झिरपतं. भरण्याआधी मशीनचा इंजिनिअर पाणी तपासायची कॅप्सूल लावतो. तिचा पिवळा रंग हिरवट-निळा झाला तर ते इंधन वापरायचं नाही. मशीन आणि बॅरल तारेने जोडल्याशिवाय नळी लावू देऊ नका. मोबाइल बंद, विडी तर लांबच.

ड्रोन आपलाच असला तरी मशीन यायच्या १५ मिनिटं आधी खाली. माणसं घेऊन येणाऱ्या मशीनला वाट द्यायची हा नियमच आहे. दीक्षाभूमीच्या गर्दीवर नजर ठेवणारा असो की लग्नाचं शूटिंग करणारा. जानेवारीत नागपुरात पतंगांकडे पाहा. दोन-तीन गल्ल्या फिरून पोरांना समजावून सांगितलं की ती ऐकतात.

अंधार पडल्यावर उतरायचं की नाही हे पायलट ठरवतो, आपण गळ घालायची नाही. डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य जातो हे धरून सकाळीच वेळ मागा. रात्री आलंच तर गाड्यांचे दिवे जमिनीकडे, मंद. मशीनकडे टॉर्च मारू नका. पायलटच्या डोळ्यांवर रात्री पाहण्याचा चष्मा असेल तर तुमचा टॉर्च त्याला काही क्षण आंधळा करतो.

उठल्यानंतर

मशीन दिसेनासं झालं की सगळे टाळ्या वाजवून पांगतात. तुम्ही पांगू नका. आधी नियंत्रण कक्षाला कळवा: किती वाजता उठलं, आत किती माणसं, रुग्ण किती, बसलेले किती आणि आडवे किती. आडव्यांच्या संख्येवर सोनेगावला किती ॲम्ब्युलन्स लावायच्या ते ठरतं. मग बंब, टँकर आणि दोरी अर्धा तास जागेवरच ठेवा. एका पावसाळ्यात मशीन उठलं, ढग खाली आले आणि सहाव्या मिनिटाला ते परत आलं. बंबाचा ड्रायव्हर चहाला निघाला होता, गाडीची चावी त्याच्या खिशात. गर्दी दोरीच्या आत आली होती, मैदानाच्या मधोमध दोन सायकली उभ्या होत्या. आम्ही हात छेदून 'थांबा'ची खूण केली आणि सायकली उचलून पळालो. पायलट वर थांबला, आत दोन जखमी घेऊन, मैदान रिकामं होईपर्यंत.

पुतणीचा दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला. मशीन ९:१० ला आलं, ९:२२ ला गेलं. पाणी तीनदा मारलं. टँकर अजून मैदानावरच उभा आहे.